माप घेतल्याशिवाय कात्री नाही: धंतोलीतल्या ठोक्यांच्या डॉक्टरांकडचा माझा अनुभव

"ताई, सांगू नका. टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा, ठोके कसे पडतात ते."

धडधडीच्या या अकरा वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी वाजवलं. नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकातून आत, माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. ताल बोटात बसलेलाच. मोटारवाल्या मशीनचं पॅडल पूर्ण दाबलं की ती जशी एकसारखी तडतडते, तसं वाजवलं. डॉक्टर घड्याळाकडे बघत ऐकत होते. मग विचारलं, "मध्ये कुठे चुकतो का? मागेपुढे होतो?" म्हटलं नाही, टीप सरळ. "थांबतं कसं? हळूहळू उतरतं की एकदम?" एकदम, लाइन गेल्यासारखं. "मानेत फडफडतं?" हो, गळ्याच्या खड्ड्यात, आरशात दिसतंसुद्धा. आणि मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "थांबल्यावर अर्ध्या-एक तासात दोन-तीनदा लघवीला जावं लागतं का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ही गोष्ट मी घरातही कोणाला सांगितली नव्हती. धडधडीचा आणि बाथरूमचा काय संबंध, लोक हसतील, असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, संबंध आहे. हृदय एवढ्या जोरात पळालं की वरचे कप्पे ताणले जातात, त्यातून एक हार्मोन सुटतं आणि ते किडनीला पाणी सोडायला सांगतं. लाजायचं काही नाही, उलट ही खूण कामाची आहे. त्यांनी ते कागदावर लिहूनही घेतलं.

रिव्ह्यू लिहायला बसले ती मुख्यतः या दहा मिनिटांसाठी. पुढचं पुष्कळ आहे, पण ही दहा मिनिटं नसती तर पुढचं काही झालंच नसतं.

डॉक्टरांचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहिलेलं नाही. खाली बिलाची तक्रार आहे, आणि नाव टाकून भांडण अंगावर घ्यायला मला वेळ नाही, लगनसराई तोंडावर आहे. धंतोलीत आहे एवढं सांगते. हे साधे हार्टचे डॉक्टर नाहीत. हार्टचे डॉक्टर होऊन पुढे फक्त ठोक्यांचं, म्हणजे हृदयातल्या करंटचं शिकलेले. असे वेगळे डॉक्टर असतात हे मला पन्नाशीच्या जवळ आल्यावर कळलं.

आधीचं थोडक्यात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी खाली पडलेलं बॉबिन उचलायला वाकले होते. वाकले आणि छातीत मशीन सुरू झाली. वीस मिनिटांनी आपोआप थांबली. तेव्हापासून महिन्याला एकदा, कधी दोनदा. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेलं असायचं आणि ईसीजी नॉर्मल. एका डॉक्टरांनी गॅस सांगितला. दुसऱ्यांनी टेन्शन सांगून झोपेची गोळी दिली, ती मी दोन वर्षं खाल्ली. तिसरीकडे "पाळी जायचं वय आहे, होतं असं बायकांना". एका ठिकाणी तर थेट अँजिओग्राफीच करून घ्या म्हणाले. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. खरं सांगायचं तर त्या सगळ्यांत स्वस्त त्याच होत्या. मी आपली वाकणं सोडलं. खाली काही पडलं की कामावरच्या पोरीला हाक मारायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई मोठी शेठाणी झाली.

तर या डॉक्टरांनी काय केलं. माझ्या पिशवीतले सगळे जुने ईसीजी टेबलावर पसरले, सात होते. सगळे नॉर्मल. मी म्हटलं, सर, यात काही नाही. म्हणाले, नॉर्मल कागदात पण बघायचं असतं. काही लोकांच्या हृदयात जन्मापासून एक जास्तीची तार असते. त्यांच्या नॉर्मल ईसीजीत मोठ्या टोकाच्या सुरुवातीला छोटीशी तिरकी चढण दिसते. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाईट या तिघा डॉक्टरांनी १९३० साली हे लिहून ठेवलंय, आणि तरी ती चढण बघायची राहून जाते. माझ्या कागदांत ती नव्हती. मग त्यांनी पॅडवर चित्र काढलं. हृदयाच्या मधल्या चौकात काही लोकांना दोन रस्ते असतात, एक जलद, एक मंद. एरवी काही बिघडत नाही. पण एखादा ठोका अवेळी आला की करंट मंद रस्त्याने खाली उतरतो, जलद रस्त्याने परत वर येतो आणि गोल फिरत बसतो. "पंचशील चौकात ऑटो शिरला आणि बाहेर पडायच्या ऐवजी चौकालाच चकरा मारत बसला तर काय होईल?" हे म्हणाले, "तसंही तिथे तेच होते साहेब." डॉक्टर हसले. मला ते हसणं बरं वाटलं. डॉक्टर सहसा ह्यांच्या विनोदांना हसत नाहीत.

हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो, आणि बायकांनाच टेन्शन म्हणून परत पाठवलं जातं, असंही ते म्हणाले. मला वाटलं आता ॲडमिट व्हा म्हणतील. तर म्हणाले, "तुमच्या बोलण्यावरून मला नव्वद टक्के कळलंय. पण नव्वद टक्क्यांवर मी आत तार घालत नाही. अटॅक कागदावर पकडून आणा."

हे मला एकदम पटलं. गिऱ्हाईक कितीही म्हणालं की ताई, छत्तीसचं माप आहे, अंदाजाने कापा, मी टेप लावल्याशिवाय कात्री लावत नाही. कापलेलं कापड परत जोडता येत नाही.

होल्टर म्हणजे २४ तास अंगावर लावायचं मशीन, तेही नको म्हणाले. आधी दोनदा लावून झालं होतं, दोन्ही वेळा नॉर्मल. महिन्यातून एकदा येणाऱ्या चोरासाठी एका रात्रीचा पहारा कशाला, पैसे वाचवा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं, एक इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बस. अँजिओग्राफीची गरज नाही, हेही स्पष्ट सांगितलं. आणि दोन गोष्टी हातात दिल्या. एक चिठ्ठी, कुठल्याही डॉक्टरला दाखवायची: धडधड चालू असताना आधी पूर्ण ईसीजी काढा, मग औषध द्या, कागद पेशंटकडे द्या. दुसरी, १० मिलीची रिकामी सिरिंज. सुई नसलेली.

सिरिंजची गंमत अशी. अटॅक आला की अर्धवट टेकून बसायचं, सिरिंजच्या तोंडातून इतक्या जोरात फुंकायचं की आतला दट्ट्या जरासा हलेल, १५ सेकंद. मग लगेच कोणीतरी आपल्याला सपाट आडवं करायचं आणि दोन्ही पाय वर उचलून धरायचे, परत १५ सेकंद. नुसतं फुंकणं जुनंच आहे. पण २०१५ साली इंग्लंडमध्ये ४२८ पेशंटवर हे ताडून पाहिलं. नुसतं फुंकून १७ टक्के लोकांचं थांबलं, आडवं करून पाय वर केले तर ४३ टक्क्यांचं. हे त्यांनी आकड्यांसकट सांगितलं आणि वर जोडलं, "म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचं थांबत नाही. तुमचं नाही थांबलं तर घाबरू नका, दवाखाना गाठा." ह्यांनी तिथल्या तिथे तपासणीच्या पलंगावर पाय धरायची प्रॅक्टिस करून घेतली. डॉक्टरांनी हे आधी आम्हाला समोर शिकवलं होतं म्हणून सांगते, तुम्ही नुसतं वाचून आपल्या मनाने करू नका. आणि मान दाबून ठोके थांबवायचे जे व्हिडिओ फिरतात ना, ते तर करूच नका. त्यावर डॉक्टर चांगलेच चिडतात.

अटॅक पकडला गेला तो मारबतीच्या दिवशी. महालात राहणाऱ्यांना सांगायला नको, पोळ्याचा दुसरा दिवस, पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघालेली, रस्ते बंद, ढोल, "घेऊन जा गे मारबत" करत पोरं ओरडत असलेली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढायला वाकले आणि सुरू. बाहेर ढोल, आत ढोल. ऑटो मिळणं शक्यच नव्हतं. हे मला धरून गर्दीतून दोन गल्ल्या पलीकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये घेऊन गेले. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरने चिठ्ठी वाचली आणि आधी कागद काढला. मिनिटाला १८८. मग सिरिंज केली, थांबलं नाही. मग ॲडेनोसिनचं इंजेक्शन. त्याबद्दल डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. औषध शिरेत जातं आणि काही सेकंद वाटतं की संपलं, आता आपण गेलो. छातीवर कोणी गाठोडं टाकल्यासारखं. मग कागदावर एक सपाट रेघ. मग एक ठोका. मग दुसरा, शहाण्यासारखा. त्या औषधाचा असर रक्तात दहा सेकंदही टिकत नाही म्हणतात. मला ते दहा सेकंद पूर्ण आठवतात.

तो कागद घेऊन धंतोलीला गेले तेव्हा त्यांनी तो माझ्या एका जुन्या नॉर्मल कागदाशेजारी ठेवला आणि पेनचं टोक लावून दाखवलं. छातीवरच्या पहिल्या तारेच्या रेघेत, अटॅकच्या वेळी शेवटी एक बारीकसा उंचवटा होता, नॉर्मलमध्ये नव्हता. तोच तो परत फिरणारा करंट. दोन्ही कागद शेजारी नसते तर दिसलाच नसता. इतका बारीक, सुईच्या नाकाएवढा. ज्या सात कागदांना मी रद्दी समजत होते त्यांतल्याच एकाने काम केलं.

इलाज दोन: रोज गोळी, किंवा तार घालून तो मंद रस्ता जाळून टाकणं. त्यांनी जाळण्याचं सांगितलं, पण भरीला पाडलं नाही. शंभरात पंच्याण्णवच्या वर लोकांचं कायमचं बरं होतं. पण तो रस्ता मुख्य जंक्शनच्या अगदी कडेला असतो, तिथे धक्का लागला तर पेसमेकर बसवावा लागतो. शंभरात एखाद्याला. "माझ्या हातून एकदा झालंय, म्हणून सांगतो." एवढं बोलून ते थांबले. माझ्या धंद्यात असं कोणी कबूल करत नाही. आम्ही म्हणतो कापडच आटलं. मी विचारलं, दिवाळीनंतर चालेल का? म्हणाले, आरामात. तुमचं हृदय मजबूत आहे, हा जीव घेणारा प्रकार नाही, सीझन उरका. फक्त तोवर प्रत्येक अटॅक लिहून ठेवा.

मी मापाच्या वहीतच लिहिले. गिऱ्हाइकांची छाती-कंबर-मुंढा आणि खाली आपलं: तारीख, काय करत होते, किती मिनिटं, सिरिंजने थांबलं की नाही. दिवाळीपर्यंत पाच अटॅक झाले. दोनदा सिरिंजने थांबलं, तीनदा नाही. पाचांपैकी चार वेळा वाकले होते. डॉक्टरांनी ते पान सगळं वाचलं, कोणाचं तरी अस्तराचं मापही वाचलं असावं, आणि मोबाइलवर फोटो काढायला परवानगी मागितली. फोटोला परवानगी!

आता संशोधनाचं. ॲडमिट व्हायच्या आधी त्यांच्याकडची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. हे डॉक्टर आपल्या पेशंटची वर्षभर माहिती ठेवतात, कोणाचा त्रास परत आला, कोणाचा नाही, कोणाला काय झालं, त्याच्या अभ्यासाचा फॉर्म. ह्यांनी मला कोपऱ्यात घेतलं, "तू काऊन सही करून राहिली? आपल्यावर प्रयोग करतीन." मीही विचार केला आणि नाही म्हटलं. खरं तर मला बघायचं होतं, नाही म्हटल्यावर तोंडं बदलतात का. बदलली नाहीत. ती मुलगी म्हणाली, फॉर्म घरी घेऊन जा, इलाजात काही फरक पडणार नाही. डॉक्टरांनी तर विषयच काढला नाही, त्या दिवशी नेहमीसारखे घाईत होते.

घरी मुलीने फॉर्म वाचला. त्यावर एक नंबर होता. भारतात असे अभ्यास नोंदवायची सरकारी वेबसाइट २००७ पासून आहे, ती सगळ्यांना उघडता येते. मुलीने नंबर टाकला, अभ्यास निघाला, कोण करतंय, किती दिवस, सगळं. पैसे कोणी मागत नव्हतं, देतही नव्हतं. कधीही बाहेर पडता येईल असं लिहिलं होतं. मग मी सही केली. एक मात्र सांगते, फॉर्मचं मराठी वाचून डोकं दुखलं. "सहभागी व्यक्तीच्या दैनंदिन क्रियाकलापांवर होणारा परिणाम" म्हणजे काय? कामात काय अडतं, एवढं विचारा ना. आणि वाकल्यावर होतं का, असा प्रश्न सगळ्या पानांत कुठे नव्हता. मी तसं बोलले, त्या मुलीने लिहून घेतलं.

प्रत्यक्ष दिवस. उजव्या जांघेत भूल, बाकी मी जागी. खोली इतकी थंड की दात वाजत होते. एक सिस्टर आपणहून ब्लँकेट घेऊन आली, तिला माझ्याकडून वेगळे पाच तारे. जांघेच्या शिरेतून बारीक तारा हृदयात जातात तेव्हा दुखत नाही, फक्त काहीतरी होतंय एवढं कळतं. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी डॉक्टर सांगत होते. "ताई, आता मी तुमचा अटॅक मुद्दाम सुरू करतोय." आणि केला! अकरा वर्षं जो कोणाला सापडला नाही तो या माणसाने बटण दाबल्यासारखा सुरू केला आणि बंदही केला. मला रडू आलं ते तेव्हा. दुखत होतं म्हणून नाही.

मग जाळणं. तारेच्या टोकातून रेडिओ लहरी सोडतात, टोकाजवळ तेवढाच भाग तापतो. एकदा त्यांनी पटकन आवाज चढवला, "नको, नको, इथे नको, थोडं खाली." माझ्या पोटात गोळा. नंतर विचारलं तर परत चित्र काढून दाखवलं. जंक्शनच्या जवळ जात होते, म्हणून मागे आले. जाळून झाल्यावर अर्धा तास ते नुसते थांबले आणि अटॅक परत सुरू करायचा प्रयत्न करत राहिले. ठोके वाढवायचं औषध सोडून, वेगवेगळ्या वेगाने करंट टोचून. झाला नाही. टाका घातल्यावर मीही ओढून बघते, पण अर्धा तास नाही बघत.

तक्रारी आता. वेळ अकराची दिली होती, नंबर लागला दोन वाजून वीस मिनिटांनी, आणि हे एकदा नाही, प्रत्येक वेळी. टोकनचा बोर्ड बंद, कंपाउंडर ओरडून नाव पुकारतो, अर्ध्या वेळा चुकीचं. खुर्च्या कमी. पार्किंगचं धंतोलीत कोणाला काय बोलणार, आम्ही ऑटोनेच जातो. डॉक्टर बोलता बोलता फोन घेतात. जांघेत वांग्याएवढा निळाजांभळा डाग पडला आणि दोन आठवडे राहिला. पडू शकतो हे फॉर्मवर होतं म्हणे, तोंडाने कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे एक रात्र घाबरण्यात गेली. आणि बिल. काउंटरवर जो अंदाज लिहून दिला त्यापेक्षा साडेअठरा हजार जास्त आले. विचारलं तर उत्तर, "कॅथेटरचं वेगळं असतं." कॅथेटर म्हणजे त्या हृदयात घातलेल्या तारा. मग आधी लिहायचं ना वेगळं! मी अस्तराचे पैसे वेगळे घेते तर पावतीवर अस्तर वेगळं लिहिते. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, तो विभाग माझा नाही. हे उत्तर मला आवडलं नाही. इतकं सगळं नीट सांगणाऱ्या माणसाने हे पण बघायला हवं.

महिनाभराने मी परत गेले, कारण मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा. तडतड नाही, फक्त एक उडी. म्हटलं, यालाही गोळी द्या. ईसीजीत तो सुटा ठोका सापडला, इको चांगला होता. तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी पुष्कळ जणांना सांगत असते. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना असे सुटे ठोके फार यायचे आणि त्यांच्यात मरणारेही जास्त असायचे. म्हणून ठोके दाबायच्या गोळ्या द्यायची पद्धत पडली. गोळीने ईसीजी सुंदर दिसायचा. मग कोणीतरी नीट अभ्यास केला, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. १९८९ साली तो मध्येच थांबवावा लागला, कारण खरी गोळी घेणारेच जास्त मरत होते. "कागद सुधारला होता ताई, माणूस नाही." त्यातली एक गोळी आजही वापरतात, पण हृदय धडधाकट असलेल्यांना आणि योग्य त्रासालाच. मला दिली नाही. चहा दोन कप कमी करा, झोप पूर्ण घ्या, सहा महिन्यांनी या. त्या दिवशी साडेतीन तास बसून मी प्रिस्क्रिप्शनशिवाय घरी आले. ह्यांना वाटलं पैसे वाया गेले. मला तसं वाटलं नाही.

ठोका अजून अधूनमधून उडतो. अटॅक मात्र नाही. बॉबिन मीच उचलते. सिरिंज मशीनला तेल घालायला घेतली, थेंब बरोबर हवा तिथे पडतो.

पाचपैकी चार तारे. पाचवा बिलाच्या काउंटरने खाल्ला. जायचं असेल तर जुने सगळे ईसीजी घेऊन जा, नॉर्मल आलेलेसुद्धा. खर्चाचा अंदाज घेताना "यात काय काय धरलेलं नाही" ते लिहूनच मागा. आणि घरून जेवून निघा, अकराची वेळ असली तरी.